कोल्हापूरच्या दोन संशोधिका

माझ्या शोधनिबंधांपैकी जगानं सगळ्यात जास्त वापरलेला निबंध माझ्या नावावर लागत नव्हता. हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं आणि मी गप्प होते. गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नव्हे. विभागाच्या बैठकीत माझा आवाज चढला की व्हरांड्यात उभी असलेली मुलं पांगतात असं म्हणतात, आणि ते खरं आहे. तरी या एका बाबतीत माझ्या तोंडाला कुलूप होतं. ते दुसऱ्या कुणी घातलेलंही नव्हतं.

मी कोल्हापुरात जीवभौतिकी शिकवते. हे काय असतं, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगते, सजीवांच्या अंगात जे चालतं त्याला भौतिकशास्त्राची फूटपट्टी लावायची. त्यावर समोरचा "असं होय" म्हणतो आणि जेवायला वळतो. मला वाईट वाटत नाही. मी माझ्या कामात पटाईत आहे, हे मला कळतं. ते चारचौघांत कबूल करायला बायकांना का लाजावं लागतं, हे मात्र अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी माझा अर्ज भरायचा होता. अशा अर्जात तुम्ही वर्गात काय शिकवलंत याला एक रकाना असतो आणि तुमच्या संशोधनाला पानंच्या पानं. निबंध किती, कुठं छापले, आणि मुख्य म्हणजे त्यांना सायटेशन किती. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा हवाला दिला की ते एक सायटेशन. पूर्वी माणसाची पत त्याच्या बोलण्यावरून कळायची, आता संगणक मोजून सांगतो. मला त्याचा राग नाही. माझा आकडा बरा आहे, म्हणून राग नसेल.

अर्ज भरायला आमच्या विभागातली एक तरुण सहकारी मदतीला बसली होती. मुलगी आजऱ्याची, हुशार, आणि बोलायला माझ्याहून फटकळ. तिनं माझं नाव टाकून यादी काढली, मग विषय टाकून दुसरी काढली आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, ह्या कोण ओ? कोल्हापूरच्याच दिसत्यात. विषय बी तुमचाच. एकच निबंध हाय, पन सायटेशन बघा की! आनि तुमी ह्यांना चांगलंच धुतलंय."

"त्या मीच," मी म्हटलं.

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

तिला सांगितलं तेच इथं सांगते. माझं शिक्षण लग्नाआधी एम. एस्सी.पर्यंत झालं होतं आणि माझा पहिला निबंध लग्नाच्या दोन महिने आधी स्वीकारला गेला होता. त्यावर माझं माहेरचं नाव होतं. म्हणजे नाव तरी कुठलं, एक आद्याक्षर आणि आडनाव. आणि लग्नात माझं आडनाव तर बदललंच, पण पहिलं नावही बदललं. कारण साधं होतं. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आम्ही ज्यांना आत्याबाई म्हणतो त्यांचं, आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन बायका नकोत, असा त्या घरचा कायदा. हाक मारली की सासूनं बघायचं की सुनेनं? ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि चार वाजेपर्यंत मी दुसरी कुणीतरी झाले होते. नाव आत्याबाईंनीच निवडलं होतं. चांगलं होतं. मला विचारलं नव्हतं, एवढंच.

त्यातली खरी गंमत पुढं कळली. सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. त्यामुळं माझंच जन्माचं नाव घरात उच्चारायची मला चोरी झाली.

निबंधाची छापील प्रत लग्नानंतर माहेरच्या पत्त्यावर आली. वडील ती पिशवीत घालून माझ्या सासरी घेऊन आले. पुढच्या सोप्यात सगळे बसले होते. आत्याबाईंनी प्रत हातात घेतली, चष्मा लावला, वरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" वडील पिशवीची घडी घालत बसले. मी चहा ठेवायला आत गेले. त्या वेळचा राग मला अजून येतो.

आता निबंधात काय होतं ते सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथंच आहे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापत असताना रानभेंडीचं खोड चेचून त्याचं बुळबुळीत पाणी रसात घालतात. मळी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढली की गूळ स्वच्छ होतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते बुळबुळीत पाणी मळीचे कण गोळा करतं कसं, हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं. मी मोजलं. मामाच्या गुऱ्हाळातून दोन किटल्या भरून रस आणायचा आणि एस.टी.नं प्रयोगशाळेत न्यायचा, असा हंगामभर माझा उद्योग चालला होता. निष्कर्ष असा काढला की भेंडीच्या पाण्यामुळं कणांवरचा विद्युतभार मरतो, मग ते एकमेकांना ढकलत नाहीत आणि एकत्र येतात. मांडणी सुबक होती. आकडे जुळत होते. परदेशातल्या लोकांनी तो निबंध उचलला, कारण गढूळ पाणी झाडपाल्यानं स्वच्छ करायचं वेड तेव्हा सगळीकडं पसरत होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी, मुलगी झाल्यावर, मी पीएच. डी.ला नाव घातलं. नवीन नाव. गाइड नवे, प्रयोगशाळा दुसरी. पुन्हा त्याच मामाच्या गुऱ्हाळात गेले. तिथले गुळवे, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ज्यांच्या एका शब्दावर ठरतं ते म्हातारे कारागीर, मला चांगले ओळखत होते. किटली भरताना ते सहज म्हणाले, "ह्या बारीला बिनचुन्याचा पायजे का ताई? मागल्या बारीला तुमी न्हेलासा त्यो चुना घातल्यालाच हुता की."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. रसाचा आंबटपणा मारायला काहिलीत चुना घालतात, हेही आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलासा कुटं?"

या उत्तरापुढं कुणाची पीएच. डी. टिकणार? कणांवरचा भार भेंडीनं मारलाच नव्हता. चुन्यानं मारला होता. मी श्रेय भेंडीला देऊन मोकळी झाले होते. मी बिनचुन्याचा रस घेतला, सगळं नव्यानं मोजलं आणि खरा प्रकार निघाला. भेंडीच्या पाण्यातले लांबलचक रेणू एका कणाला एका टोकानं आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकानं चिकटतात आणि असे कित्येक कण एकत्र बांधून टाकतात. मोळी बांधावी तसं. हे काम पहिल्यापेक्षा किती तरी पक्कं होतं. आजही त्यातला एक आकडा कुणाला हलवता आलेला नाही, हे मी छातीला हात लावून सांगते.

पण लिहिताना मी एक गोष्ट केली. निबंध इंग्रजीत होता. त्यातल्या वाक्याचं मराठी साधारण असं होईल: या विषयावरच्या आधीच्या संशोधिकेनं नमुन्यावर पूर्वी काय प्रक्रिया झाली होती याची पुरेशी चौकशी केलेली दिसत नाही, म्हणून तिचे निष्कर्ष स्वीकारता येत नाहीत. खाली हवाला दिला, माझ्याच माहेरच्या नावाचा. गाइडना सांगितलं नाही की ती संशोधिका मीच. त्यांनी मसुदा वाचून शाबासकी दिली. "दुसऱ्याची चूक दाखवताना भाषा सभ्य ठेवलीत," असं म्हणाले.

नाव माझ्याकडून काढून घेतलं म्हणून मी घरात धुसफुसत होते, आणि इथं तेच नवं नाव मला फार सोयीचं पडलं. चूक तिची, दुरुस्ती माझी. खरं सांगते, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

पुढं जे झालं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. शास्त्रज्ञांना भांडण आवडतं. माझ्या दुसऱ्या निबंधाचा हवाला देणारा प्रत्येक जण पहिल्याचाही देऊ लागला, कारण एकटं उत्तर सांगून मजा येत नाही, कुणीतरी हरलेलं लागतं. पहिल्याची सायटेशन दुसऱ्यापेक्षा वाढत गेली. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मोठ्या तज्ज्ञांनी या विषयाचा आढावा लिहिला, त्यात चक्क वाक्य होतं की कोल्हापुरातल्या दोन गटांमध्ये याबाबत मतभेद आहेत. गट! माझ्या गटात मी होते आणि गाळ वेगळा करायचा एक खडखडणारा सेंट्रिफ्यूज होता.

हे सगळं ऐकून झाल्यावर आजऱ्याच्या सहकारीनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "जोडूया का मग दोन्ही नावं? पन मॅडम, दोन गोष्टी हायत. तुमी त्या निबंधाला जितक्या वेळा सायटेशन दिलंय ती सगळी कटणार. स्वतःच स्वतःला दिल्यालं धरत न्हाईत. आनि दुसरं..."

"चूक माझी निघणार."

"निघंल न्हवं. आनि इतकी वर्सं लपवली ती बी."

मी म्हटलं, उद्या सांगते. घरी नवऱ्याला विचारलं. हा माणूस शांत. त्यानं पेपर बाजूला ठेवून सांगितलं की पहिला निबंध नसला तरी तुझा आकडा बढतीला पुरेल की कदाचित, मग सुखाचा जीव दुःखात कशाला. त्याचं बरोबर होतं. कदाचित पुरला असता.

पण मला ती पोरगी आठवायला लागली होती. दोन्ही हातांत किटल्या धरून एस.टी.त चढणारी, कंडक्टरनं "रस सांडला तर पुसायला लावीन" म्हटल्यावर त्यालाच दम देणारी. तिनं चूक केली होती. पण प्रश्न तिनं विचारला होता, आधी कुणीच न विचारलेला, आणि माझं पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर उभं होतं. आणि मी जगासमोर तिला ओळख दाखवली नव्हती. माझं नाव सासरनं बदललं हे खरं, पण तिला परकी म्हणून छापलं ते मी. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात जाऊन मी सहकारीला म्हटलं, "जोड." मग दुसरा निबंध ज्या मासिकात आला होता त्याच्या संपादकांना पत्र लिहिलं की त्यात जिला आधीची संशोधिका म्हटलं आहे ती मीच, हे तेव्हा लिहायला हवं होतं, कृपया तशी नोंद छापावी.

मुलाखतीच्या दिवशी मी ठेवणीतली इरकल नेसून गेले. आत चार जण होते आणि मधल्या खुर्चीवर बाहेरून आलेले तज्ज्ञ. बघते तर दोन गटांचा शोध लावणारे गृहस्थ तेच! गोरटेले, मृदू बोलणारे. दोन्ही नावं माझीच हे सांगणारं अर्जातलं जोडपत्र त्यांनी अजून उघडलं नव्हतं, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

"तुमच्याच शहरातल्या त्या दुसऱ्या बाईंचं म्हणणं तुम्ही पूर्ण खोडून काढलंत," ते म्हणाले. "मला नेहमी कुतूहल वाटायचं. त्यांची प्रतिक्रिया काय होती?"

मी म्हटलं, "सर, त्या म्हणाल्या, पुरावा दाखवा. मी दाखवला. त्यांना पटला."

"म्हणजे तुमची भेट होते?"

"रोज. आज मुलाखतीलाही आल्यात."

त्यांनी दाराकडं पाहिलं. मग मी जोडपत्राचं पान सांगितलं. त्यांनी ते उघडलं. वाचून झाल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी कोल्हापुरात दोन गट शोधत बसलो." मग गंभीर झाले आणि विचारायला हवा होता तोच प्रश्न त्यांनी विचारला, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी सांगितलं. चुकीची लाज वाटली, आणि नवं नाव हाताशी होतं. यापेक्षा लांब उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते म्हणाले, "स्वतःचं म्हणणं खोडून काढणारी माणसं मी फार कमी पाहिली. पण ते स्वतःच्या नावानं खोडायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." ते बरोबर बोलले होते आणि मला ते टोचलं.

समितीचं समाधान झालं, पण कार्यालयाचं व्हायचं होतं. निबंधावर एक आद्याक्षर आणि आडनाव. तसलं आद्याक्षर आणि तसलं आडनाव असलेली बाई कोल्हापुरात गल्लीगणिक एक सापडेल. तेव्हा ती संशोधिका आणि ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि नाव बदलताना हजर असलेल्या घरच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. ते आलं की बढती नक्की, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. माझे आईवडील आता नाहीत. नवऱ्याची सही चालली असती. पण मला वाटलं, जिनं नाव बदललं तिनंच सही करावी. त्यात थोडा जुना राग होता, हे लपवत नाही.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून कागद करून घेतला आणि दुपारी घरी आले. आत्याबाई सोप्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. नव्वदीला टेकल्यात, पण बोटं चालतात. मी कागद पुढं धरला. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. चौथी शिकलेल्या आहेत. माझं माहेरचं पूर्ण नाव आलं तिथं बोट थांबलं.

"हे तुझं."

"व्हय."

"आनि हे बी तुझंच," नव्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "मग ह्याला सही कशाला पायजे? मीच तर बदललं."

"म्हणूनच तुमची सही पाहिजे."

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मग ह्यातच माझं बी लिही की."

"तुमचं काय लिहू? तुम्ही साक्षीदार आहात."

"माझं आदीचं नाव. हे नाव माझं कुटं हाय? मला बी लग्नात दिल्यालं हाय. माझ्या सासूनं."

मी खालीच बसले. ज्या नावाला जागा करून द्यायला माझं नाव काढून टाकलं, ते त्यांचंही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या बाईवर मनातून दात धरून होते, तिच्यापुढंही असंच ताट आलं होतं, असेच तांदूळ पसरले होते. आणि मला ते कधी विचारायचं सुचलं नव्हतं. नमुन्यावर आधी काय घडलं होतं याची चौकशी न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"काय होतं तुमचं नाव?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, कुणी ऐकतंय का ते. मग सांगितलं. दोनच अक्षरं.

"कशावर लिहिलेलं आहे का कुठं?" माझा प्रश्न कार्यालयातल्या माणसासारखाच निघाला.

"शाळंचा दाखला हुता. माह्यारच्या घरात पुराचं पानी शिरलं तवा त्यो गेला. त्या नावानं हाक मारनारा भाऊ हुता, त्यो बी गेला." त्यांनी पेन मागून घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव नीट, सावकाश लिहिलं. "तुमच्या हापिसाला हेच चालंल. घे. जा म्होरं."

त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. मी कागदाची घडी केली. मला आतून रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर नको होतं, म्हणून मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं वळून मी त्यांना त्या दोन अक्षरी नावानं हाक मारली. एकदाच, जरा मोठ्यानं.

आत्याबाईंनी शेंगांवरून मान न उचलता "ओ" दिली.